लाल ठिपक्याचा नर

किडेसरांच्या पँटच्या खिशातून नेलपॉलिशची लाल बाटली निघाली, तेव्हा वहिनींचा पाय शिलाई मशीनवरच थांबला. फाटका खिसा शिवायला घेतला होता आणि इथे संसारच उसवतोय की काय, असं त्यांना वाटलं. त्या स्वतः नखं कधीच रंगवत नसत. शिवाय बाटली अर्धी संपलेली होती, म्हणजे प्रकरण जुनं होतं.

मग शर्टाच्या बाहीवर हिरवा डाग सापडला.

"हे काय हो?"

"कामाचं आहे," सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

म्हणजे लाल एकीचा आणि हिरवा दुसरीचा! हा माणूस गेला तर आपण चिडायचं कुणावर, या विचारानं त्यांना रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सर डबा विसरले, कारण वहिनींनीच तो लपवला होता. तेवढं निमित्त पुरलं. त्या थेट प्रयोगशाळेत जाऊन धडकल्या. सर टेबलावर वाकून, जीभ बाहेर काढून, कुणाची तरी पाठ रंगवत होते. वहिनींनी गच्च डोळे मिटले. उघडले तर सरांच्या चिमटीत रातकिडा.

"ओळखायची खूण गं. मोठ्या नरांना लाल, लहानांना हिरवी."

"आणि यांचं करता काय?"

सर खुलले. "नर मादीला बीजाची पुडी देतो, वर खाऊचा गोळा. तो गोळा मादी खाते. आम्ही नराला आधी आणि नंतर तोलतो. लहानगा आपल्या वजनाचा चांगला चौथा हिस्सा देऊन टाकतो आणि दमून पडतो बिचारा. मोठ्याचा गोळा दिसायला मोठा, पण अंगाच्या मानानं अगदीच चिल्लर. दिला की हा पुन्हा गायला मोकळा!"

वहिनींचा जीव भांड्यात पडला. मग त्यांची नजर सरांच्या पोटाकडे गेली. लग्नापासून मिळालेल्या भेटी त्यांनी आठवून पाहिल्या. एक छत्री आठवली, तीही सरच वापरत होते. सर पुन्हा वाकले, तशी वहिनींनी त्यांच्या मानेवर हळूच लाल ठिपका टेकवला आणि डबा ठेवून त्या घरी आल्या.

संध्याकाळी सर आले ते इकडेतिकडे संशयानं बघतच.

"आज सगळे माझ्या पाठीमागे हसत होते. काहीतरी शिजतंय. मदतनीस बाई विचारते, 'सर, वहिनींना शेवटचं काय दिलंत?'"

"मग?"

"मग मान खाजवली, तर नखाला लाल पापुद्रा लागला." सरांनी खिशातून कोरी हिरवी बाटली काढून पुढे केली. "ही तुला. आता तो लाल ठिपका काढ आणि यातला हिरवा लाव ना."

वहिनींनी बाटली तळहातावर तोलून पाहिली. मग सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमचं वजन किती हो?"

सरांनी पोट आत ओढलं.