परवानगीशिवाय पेनड्राइव्ह काढू नये

"त्यात काय एवढं! चार स्क्रू काढायचे, चार लावायचे. एवढ्यासाठी दुकानात जायचं?"

जावईबापू हे वाक्य बोलले तेव्हा सकाळ होती, घरात दोन कॉम्प्युटर होते आणि त्यातला एक चालू होता. हे नीट लक्षात ठेवा, कारण दुपारपर्यंत यातलं फक्त घर शिल्लक राहणार होतं.

बिघडला होता तो त्यांच्या बायकोचा. सकाळी बटण दाबल्याबरोबर मागून फट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि डबा गप्प झाला. बायको लोकांना कपाटं आखून द्यायचं काम करते. नोकरी सोडून नुकतंच तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि पहिलंच गिऱ्हाईक मिळालं ते एक दातांच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे जन्मभर केसाएवढी फट शोधत आलेली व्यक्ती! त्यांच्या दवाखान्यात सुतार फळ्या घेऊन बसला होता. त्याला चारपर्यंत नकाशा हवा होता, आणि नकाशा त्या बंद डब्यात होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. "ठेवायची होती," एवढंच बायको म्हणाली. पहिलंच काम हातचं गेलं असतं, तर दुसरं कोण देणार होतं?

"डबा मेलाय, आतली हार्ड डिस्क मेलेली नाही," जावईबापूंनी निदान केलं. "ती काढतो आणि बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये घालतो. पाच मिनिटांत तुझा कॉम्प्युटर बाबांच्या खोलीत चालू!"

जावईबापू विमा कंपनीत आहेत. एकदा ऑफिसच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी ओढून काढला, तेव्हापासून सगळे त्यांना 'इंजिनिअर' म्हणतात. सगळे चेष्टेने म्हणतात, हे फक्त त्यांनाच ठाऊक नाही.

"माझी डिस्क बाबांच्या डिस्कशेजारी नुसती लाव आणि तेवढी फाइल काढ," बायको म्हणाली. "बाकी काही करू नकोस."

"तू मला शिकवू नकोस गं!"

बायकोने डिस्क काढलेला रिकामा डबा उचलला आणि ती तो घेऊन दुकानात गेली. धांदलीत तिचा फोन चार्जिंगलाच राहिला.

सासूसासरे यांच्याचकडे राहतात. सासरेबुवा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या कॉम्प्युटरवर विणलेलं आच्छादन असतं. ते दोन्ही हातांनी घडी घालून त्यांनी बाजूला ठेवलं आणि परीक्षेच्या वर्गात उभं राहावं तसे जावयामागे उभे राहिले.

"काय ते करा जावईबापू, पण त्या पेनड्राइव्हला हात लावायचा नाही."

पुढच्या बाजूला एक पेनड्राइव्ह बाहेर डोकावत होता. तीन वर्षं डोकावत होता! कॉम्प्युटरच्या परवानगीशिवाय तो काढू नये, आतलं सगळं पुसलं जातं, असं सासरेबुवांनी कुठेतरी वाचलं होतं. ते रोज नियमाने परवानगी मागायचे. कॉम्प्युटर रोज सांगायचा, 'सध्या वापरात आहे, नंतर प्रयत्न करा.' ते तीन वर्षं नंतर प्रयत्न करत होते.

"हात कोण लावतोय बाबा!" असं म्हणून जावईबापूंनी सासरेबुवांची डिस्क काढली, तिच्या जागी बायकोची बसवली आणि बटण दाबलं. थोडं भिरभिरून पडदा निळा झाला आणि त्यावर एक रडकं तोंड उमटलं.

"हे कोण?" सासरेबुवांनी विचारलं.

"येतं कधी कधी."

पुन्हा बटण. पुन्हा तेच तोंड. मग जावईबापू ठेवणीतला शब्द बोलले, "सेटिंग!" कुठलीतरी कळ धडाधड दाबून ते आतल्या पानावर शिरले. तिथल्या वीसेक ओळींतली एकही त्यांना कळली नाही. शेवटची मात्र कळली. सगळं कारखान्यातून आलं तसं करू का, असं ती विचारत होती. एवढ्या आपुलकीने विचारतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? त्यांनी 'होय' केलं.

आता रडकं तोंडही गेलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन पांढऱ्या ओळी राहिल्या. घाबरून त्यांनी सासरेबुवांची डिस्क परत बसवली. तरी त्याच दोन ओळी!

"म्हणजे माझाही गेला?"

"गेला नाही बाबा. विचार करतोय."

जावईबापूंनी ओळ वाचायला घेतली. सुरुवातीलाच 'डिस्क काढा' असं दिसलं आणि त्यांचं वाचन तिथेच संपलं. "बघा, डिस्क काढा म्हणतोय!" त्यांनी डिस्क काढली. ओळी तशाच. आता आत एकही डिस्क नव्हती आणि यंत्र डिस्क काढा म्हणत होतं!

"आता काय माझ्या पोटातून काढू?" जावईबापू त्याच्यावर ओरडले आणि त्यांनी निमूटपणे डिस्क परत बसवली.

सासरेबुवांनी चष्मा लावला. जन्मात त्यांनी कुठलं वाक्य अर्धं सोडलं नव्हतं. "पुढे आहे की. डिस्क किंवा बाहेरून लावलेलं दुसरं काही असेल तर काढा."

दोघांनी एकदम पेनड्राइव्हकडे बघितलं.

"काढू?"

"खबरदार! परवानगी कुठाय?"

"परवानगी कॉम्प्युटर देतो ना?"

"तोच देतो."

"तो बंद आहे बाबा!"

"मग चालू करा, परवानगी घ्या आणि काढा. शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

"अहो, पण काढल्याशिवाय तो चालूच होत नाहीये!"

"तो तुमचा प्रश्न. इंजिनिअर तुम्ही."

एरवी जावईबापूंनी वाद घातला असता. पण ज्या माणसाचा कॉम्प्युटर आपण नुकताच बंद पाडलाय, त्याच्याशी वाद घालायला वेगळी छाती लागते. ते खाली मान घालून स्क्रू मोजत बसले. एक जास्त भरत होता.

इतक्यात बायकोचा फोन वाजला. सुतार!

"ताई, बाई नुसत्या फेऱ्या मारतायत. निदान कपाटाची खोली तरी सांगा, फळ्या कापायला घेतो."

'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द जावईबापूंच्या तोंडून आजवर निघालेले नाहीत. नकाशा त्यांनी बायकोच्या खांद्यावरून एकदा ओझरता पाहिला होता. "दोन फूट!" त्यांनी ठणकावून सांगितलं.

"नक्की ना साहेब?"

"अहो, घरचंच काम आहे!"

थोड्या वेळाने बायको हात हलवत परत आली. जळालेला भाग उद्या मिळणार होता, म्हणून डबा दुकानातच ठेवावा लागला होता. खोलीत पसारा, काळा पडदा आणि दोन पुरुष एकमेकांकडे पाठ करून बसलेले. दोघांनी एकाच वेळी तक्रार सांगायला सुरुवात केली. तिने पडदा वाचला, पूर्ण वाचला, आणि पेनड्राइव्ह ओढून काढला.

"अगं!" सासरेबुवा किंचाळले.

तिने एक कळ दाबली आणि कॉम्प्युटर गुपचूप चालू झाला. नव्या सेटिंगमुळे तो इतका वेळ डिस्क सोडून पेनड्राइव्हवरूनच चालू व्हायला बघत होता. मग तो बंद करून तिने आपली डिस्क शेजारच्या मोकळ्या वायरींना जोडली, पुन्हा चालू केला आणि फाइल उघडली. नकाशा जसाच्या तसा होता. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. जावईबापूंनाही मनापासून हायसं वाटलं. चारच्या आत नकाशा सुताराच्या फोनवर गेला.

"बाबा, आता हा लावून बघू," म्हणून तिने पेनड्राइव्ह परत लावला. आत काहीच नव्हतं. काही नव्हतंच कधी!

"बघ, गेलं ना सगळं!" सासरेबुवा म्हणाले. "परवानगी घेतली असती तर?"

तेवढ्यात पुन्हा सुतार. "ताई, नकाशा मिळाला. पण यात खोली दीड फूट लिहिलीय. साहेब दोन म्हणाले होते. मी फळ्या कापून सांगाडा ठोकलाही की!"

बायकोने जावईबापूंकडे बघितलं. जावईबापूंनी त्या जास्तीच्या स्क्रूकडे बघितलं.

डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या दिवशी दीड फुटाचं कपाट मिळालं. त्यांनी स्वतःची पट्टी लावून पाहिली, फट सापडली नाही, आणि बायकोला बहिणीच्या घरचंही काम दिलं. दोन फुटांचं कपाट मात्र जावईबापूंच्याच घरी आलं. ते पलंग आणि भिंत यांच्यामध्ये कसंबसं बसतं. त्याचा खण पलंगाला अडतो आणि जेमतेम दोन बोटं उघडतो. बायकोने जावईबापूंचे सगळे स्क्रूड्रायव्हर एकेक करून त्या फटीतून आत सोडलेत. आत जातात, बाहेर निघत नाहीत.

तिचं म्हणणं, हे माप मात्र अगदी नेमकं आलंय.