केसरच्या लग्नातले वाजंत्री

लग्नकार्यातलं कुठलंही काम हरेश्वरवर सोपवा, ते झालंच म्हणून समजा! हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही, आमच्या आगरदांड्यात कुणीही सांगेल. निदान सन चौतीसच्या फाल्गुनापर्यंत तरी सांगत होतं.

त्या फाल्गुनात माझ्या भाचीचं, केसरचं, लग्न निघालं. मेहुणे बुधाजी मांडव आणि पाहुणे यांत गळ्यापर्यंत बुडालेले. मी छाती ठोकून म्हटलं, "दाजी, वाजंत्री माझ्याकडं! दिघीहून होडीनं उतरले की गाडीत घालून थेट मांडवात आणून ओततो!"

भागोजीच्या ताफ्याला दाजींनी निरोपानंच ठरवलं होतं. मी त्यांची तोंडं पाहिली नव्हती. पण वाजंत्री ओळखायला काय लागतं? हातात वाद्य आणि तोंडात पान!

लग्न गोरज मुहूर्तावर, सूर्य बुडता बुडता. मी जेवल्या हाताचा वास जायच्या आत धक्क्यावर बैलगाडी लावली. एक होडी आली, त्यातून मासळीच्या पाट्या उतरल्या. दुसरी आली, त्यातून शेळ्या उतरल्या. तिसरीतून एक हवालदार उतरला आणि मलाच विचारतो, "इथं का उभा?" ऊन कललं, बैल फुरफुरायला लागले, आणि माझं डोकं असं तापलं की वर बोंबील ठेवला असता तर भाजून निघाला असता!

मग एक होडी लागली आणि चौघेजण उतरले. पुढच्याला जरीचा फेटा, खांद्यावर शेला, गळ्यात मोत्यांची माळ. मागं एकाकडं तबल्याची जोडी, एकाकडं सारंगी, तिसऱ्याच्या हातात चांदीच्या खुंट्या मारलेली काळी सनई. चौघांच्याही तोंडात पान!

"या!" मी ओरडलो. "आता उगवलात? लाज वाटते का काही?"

फेटेवाला दचकला. "अहो, आम्हांला तिकडेच खोळंबवून ठेवलं. गाडी तुमचीच ना?"

"मग काय गव्हर्नरची? चढा! सूर्य बुडायच्या आत सगळं उरकायचं हाय!"

"ते आम्हांला सांगितलंय हो. पण जेवणाचं काय? सकाळपासून पोटात अन्न नाही."

"आधी वाजवायचं, मग जेवायचं!"

फेटेवाला लालबुंद झाला, पण चढला. वाटभर तो तबलजीच्या कानात पुटपुटत होता, "पाहिलंत? असली माणसं ठेवतात आणि म्हणे कंपनी!" मला वाटलं, हा आपल्याच ताफ्यावर चिडलाय. आपल्याला काय त्याचं?

मांडवाशी पोचलो. वराकडची मंडळी काशीदहून येऊन तोंडं पाडून बसली होती. फेटेवाला खाली उतरला, चहूकडं पाहिलं आणि म्हणाला, "वा! मांडव झकास उभारलाय. अगदी खराखुरा!"

"खराखुरा म्हंजे?" बुधाजी दाजी पुढं आले. "खोटा आसतो काय?"

"आणि एवढी बायामाणसं कुठून जमवलीत? ती नवरी तर किती सुरेख रडतेय!"

"जमवली? आमची सोयरी हायत ती! आनि पोर सासरी निघालीय, रडंल न्हाय तर काय नाचंल?"

फेटेवाल्यानं हळूच विचारलं, "कॅमेरा कुठंय?"

"कोन कॅमेरा? तो आमच्यातला न्हाय!" दाजी म्हणाले.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. माझ्या मात्र नाही पडला! तो किंचाळला, "अरे, हे खरं लग्न आहे! आम्ही बोलपटाच्या कंपनीची माणसं. खाडीच्या तोंडाशी आमचं चित्रण आहे. मी श्रीपतबुवा आंजर्लेकर!"

आता श्रीपतबुवा म्हणजे कोण, हे मुरूडच्या हॉटेलातल्या फोनोग्राफच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. त्यांची प्लेट लागली की मी चहा संपला तरी कप सोडत नसे. म्हणून तर माझा संताप झाला! पळायला निमित्त हवं म्हणून कुणाचंही नाव घ्यायचं?

"तू श्रीपतबुवा, तर मी मुंबईचा लाटसाहेब!" मी त्यांचा शेला धरला. "उशिरा येतोस आणि वर थापा मारतोस? वाजव, न्हाय तर खाडीत बुचकळीन!"

रागानं बुवांनी शेला हिसकला, पान थुंकलं, डोळे मिटले आणि अशी एक तान मारली की मांडवाचा वासा हलला! खाली येताना ती तान कुठल्या कुठल्या वळणांनी उतरली, आणि शेवटी सुरावर अशी टेकली की मांडवातलं रडणारं तान्हं पोरसुद्धा गप्प झालं.

मी दोन पावलं मागं सरलो. तोच आवाज! ह्या माणसाला मी खाडीत बुचकळणार होतो!

बुवांचा राग अजून शमला नव्हता. ते तसेच भुईवर बसले. सारंगी लागली, तबला लागला, काळ्या सनईनं सूर धरला. पहिलं पद झालं. वरबाप, जो मघापासून दाजींवर डोळे वटारत होता, तोच ओरडला, "वन्स मोअर!" दुसरं झालं. बायका चुलीवरचा भात सोडून आल्या, भात लागला, वास सुटला, कुणी हललं नाही. नवरदेव मुंडावळ्या मागं सारून तबल्याजवळ जाऊन बसला.

आमच्यात लग्न लावायला धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हाच अक्षता पडतात. आमची धवलारीण सोनूबाई एकटीच आभाळाकडं बघत होती. ती माझ्या कानाशी येऊन कडाडली, "हरेश्वरा, दिस टेकला! तुज्या गवयाला थांबव, न्हाय तर मी चालले घरी!"

मी थांबवू? आधीच एवढं बोललेलो! मी दाजींकडं पाहिलं. ते वरबापाकडं बघू लागले. वरबापाचे डोळे मिटलेले. मुहूर्त चालला, आणि चारशे माणसांत एकाची जीभ उचलेना!

तेवढ्यात पाटावरून केसर उठली. हिरवा चुडा, कपाळाला बाशिंग, आणि डोळ्यांत नुसता जाळ! तरातरा चालत बुवांसमोर उभी राहिली.

"बुवा, गानं लई ग्वाड हाय. पन माजं लगीन र्‍हायलंय! आनि तुमी," नवरदेवाकडं वळून, "लगीन माज्याशी लावनार का त्या तबल्याशी?"

तबला थांबला. नवरदेव उडी मारून पाटावर! बुवांनी सूर्याकडं पाहिलं, मग पोरीकडं, आणि चक्क कान धरले. "चुकलो, बाळ. आजी, तुम्ही गा. आम्ही मागं साथ करतो."

सोनूबाईनं नाकातली नथ सावरली आणि धवला उचलला. खरखरीत, उंच, वाऱ्यात हाक मारावी तसा आवाज. सारंगी हळूच त्याला येऊन मिळाली, आणि बुवा नुसते खालच्या सुरात गुणगुणत राहिले. अक्षता पडल्या आणि सूर्य बुडाला. माझी बहीण नीराबाई पदर तोंडाला लावून रडत होती. मी पण रडत होतो, पण रागानं. एवढ्या मोठ्या माणसाला शिव्या दिल्याचा राग, तोही स्वतःचाच!

आणि मग डोक्यावर टोपी घातलेला बोलपटाचा साहेब बुवांना शोधत धावत आला. "बुवा! सूर्य गेला! दिवस वाया गेला!" त्यानं टोपी काढून जमिनीवर आपटली, ती आमच्या बैलानं तुडवली. त्याच्या मागोमाग सनई-संबळ घेतलेली पाच माणसं चोरपावलानं आली. हा भागोजी! मी पोचायच्या आधीच कंपनीच्या माणसानं धक्क्यावरून त्याला आपलाच समजून नेलं होतं.

"भागोज्या!" मी त्याच्यावर झेपावलो. "सांजपत्तर काय करत व्हतास?"

"गप बसलो व्हतो," भागोजी कुजबुजला. "सायबानं सांगितलं, हात हालवून खून केल्याबिगर आवाज काडायचा न्हाय. आता वाजवू का?"

बुवा जेवायला बसले. मी ताटाशी जाऊन पायांवर डोकं ठेवलं. ते म्हणाले, "हरेश्वरराव, आज रागाच्या भरात सूर जसा लागला, तसा कित्येक वर्षांत लागला नव्हता. मुंबईत माझा गळा बसला की तुम्हांला बोलावून घेईन. येऊन चार शिव्या द्या."

तेव्हापासून मी नवा सदरा घडी घालून ठेवलाय. पण बोलावणं काही आलं नाही. आणि खरं सांगू? मला त्याचाही भयंकर राग आलाय!