जाताना एक, येताना दोन

"जाताना एक माणूस, येताना दोन. यात न समजण्यासारखं काय हाये?"

टेबलापलीकडचे ट्रॅव्हल कंपनीचे मालक कीबोर्डवरची बोटं उचलून आमच्या शेजारच्या आबांकडे बघत राहिले. मी मागच्या बाकावर बसून आबांचा फॉर्म भरत होते. आबांचं बोलणं मलाही समजलं नव्हतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी फॉर्ममध्ये डोकं घातलं.

ऑफिस धुळ्याला, देवपुरात होतं. भिंतीवर चारधाम, अष्टविनायक आणि वैष्णोदेवीची पोस्टरं. नुकतंच त्यांनी दुबईचंही एक लावलं होतं, त्याचे कोपरे अजून ताठ होते. अशा ठिकाणी येऊन आबांनी कोस्टा रिका मागितलं होतं. जंगल आणि प्राणी बघण्यासाठी.

"आबा, दुसरं कोन शे?" मालकांनी विचारलं. "तठेच भेटी का?"

"भेटलं तर आणू. एखादं माकड."

मालक हसले. आबा हसले नाहीत. "अन् आखाजीच्या आत परत यायचं. हे पक्कं धरा. बदललं तर सांगतो."

'हे पक्कं धर, बदललं तर सांगतो' हे आबांचं रोजचं वाक्य. जळगावात, मेहरूणला, आमच्या शेजारच्या बंगल्यात ते एकटे राहतात. रावेरकडे त्यांची केळीची बाग आहे, ती आता पुतण्या बघतो. 'बघतो' हा पुतण्याचा शब्द. आबांच्या मते तो फक्त बागेत उभा असतो. रोज सकाळी सात वाजता आबा गच्चीवरून त्याला फोन लावतात. "निसवली का?" हा पहिला प्रश्न. खोडातून घड बाहेर आला का, एवढाच त्याचा अर्थ, पण तो आमची अख्खी गल्ली ऐकते. माझ्या आईने तर गजर लावणं सोडून दिलंय.

आमची खरी ओळख झाली ती कंपाउंडच्या भिंतीवरून.

"ओ इंग्लिश मीडियम!"

"तिला नाव आहे आबा. तन्वी," आई आतून म्हणाली.

"हाये ना. पण कामाचं हे हाये."

मग मोबाइल भिंतीवरून माझ्या हातात आला. त्यात कोस्टा रिकातल्या एका जंगल लॉजचं पान उघडलेलं होतं. ते मराठीत सांग, म्हणाले. मला नाही म्हणता येत नाही. ही माझी जुनी अडचण आहे आणि लोकांना ती फार लवकर कळते.

त्यानंतर महिनाभर मी रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर वही घेऊन बसत होते आणि रोज थोडी जास्त गोंधळत होते.

सोमवारी त्यांना स्लॉथ बघायचा असायचा. मी वाचून दाखवलं, की हा प्राणी दिवसभर झाडाला उलटा लटकतो आणि आठवड्यातून एकदाच खाली उतरतो, तोही परसाकडे जायला. आबांनी मान डोलवली. "आमचा पुतण्या तेवढ्यासाठीपण उतरत नाही. लिही. स्लॉथ पक्का." मंगळवारी स्लॉथ कटाप, समुद्री कासवं पक्की. बुधवारी कासवांनाही सुट्टी, कारण समुद्र 'आडवाटेला' पडतो. कशाच्या आडवाटेला, ते मी विचारलं नाही. वहीत बाण काढला.

प्राण्यांचे फोटो दाखवले तर ते प्राण्यांच्या मागे बघायचे. निळ्या पायांचा लाल बेडूक सगळ्या स्क्रीनवर बसलेला असताना आबा बोट ठेवायचे ते कोपऱ्यातल्या केळीवर. "याचे पिलं काढले नाहीत पाह्य. मूळ झाड मार खातंय." एकदा तर त्यांनी मला लॉजच्या मॅनेजरला ईमेल लिहायला लावलं की स्वयंपाकघरामागच्या केळींच्या बुडाशी झालेली गर्दी कमी करा. मॅनेजरचं उत्तर आलं. त्यात फार आभार होते, आणि आपण नक्की कोणत्या तारखेला येणार, असा प्रश्न होता. मला तो रास्त वाटला.

कारण जंगल कुठलं हवं, यावर आबांचं काहीच म्हणणं नव्हतं. ढगांतलं चालेल, ज्वालामुखीखालचं चालेल. मात्र नकाशावर त्यांचं बोट नेहमी एकाच छोट्या गावाभोवती फिरायचं. इथून लांब नको, म्हणायचे. त्या गावात बघण्यासारखं काही नव्हतं. मी शोधलं होतं. एक चर्च, एक बसस्टँड, आणि बाहेर बेडकांचा अभ्यास करणारी एक छोटी संस्था.

"आबा, इथे टूरिस्ट जात नाहीत," मी एकदा धीर करून म्हटलं.

"मग गर्दी नसंल. पक्कं धर."

आणि जळगावात इतक्या ट्रॅव्हल कंपन्या असताना धुळ्याला एसटीने कशाला, या प्रश्नाचं उत्तर होतं, "जळगावात शिंकलं तरी रावेरला रुमाल काढतात."

धुळ्याहून आल्यानंतर दोन दिवसांनी ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आईपुढे ते जरा बिचकतात.

"अक्का, सांजोऱ्या करून देशील का? पन्नास-एक. दूरच्या प्रवासात टिकतील अशा."

"एवढ्या? कुणासाठी?"

"तिकडं... जंगलात. लोक असतील ना."

आईने हातातलं उलथणं खाली ठेवलं. "करते," एवढंच म्हणाली. ते गेल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "म्हातारा मुराळी निघालाय."

मला हा शब्द माहीत नव्हता. आमच्या शाळेत आखाजीची सुट्टीसुद्धा नसायची. आई माझ्याकडे बघून कपाळावर हात मारल्यासारखं हसली. मग तिने सांगितलं, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरची लेक माहेरी येते. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस शिदोरी घेऊन तिला आणायला जातं. तो मुराळी. "सांजोऱ्या बांधून कुणी प्राणी बघायला जातं का गं? त्यांची लेक शुभांगी आहे तिकडे. सहा वर्षं झाली, आली नाही. बेडकांवर काहीतरी काम करते."

मी खोलीत जाऊन वही उघडली. स्लॉथ, कासवं, टूकन पक्षी, सगळ्यांवर फुल्या आणि बाण. महिनाभर मी एका माणसाच्या सहलीची आखणी करत होते आणि त्यात सहल कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर गेले तेव्हा आबा पासपोर्टचं प्लास्टिक पुसत होते. मी नकाशा उघडला आणि त्या संस्थेवर बोट ठेवलं. बराच वेळ ते पुसतच राहिले.

"अक्कानं सांगितलं वाटतं."

मी मान हलवली.

"तिनं तिथल्याच एका पोराशी लगीन लावलं. फोन करून सांगितलं मले. लग्नाला या म्हणे." त्यांनी पासपोर्ट उलटा करून ठेवला. "मी म्हटलं, आता तिकडंच ऱ्हाय. जनमभर त्या पोरीनं माझं काही ऐकलं नाही. झाडावर चढू नको म्हटलं, चढली. डॉक्टर हो म्हटलं, बेडकं धरली. अन् ऐकलं ते नेमकं हे."

मी वहीच्या कडेला उगाच एक स्लॉथ काढत बसले.

"तिला माहितीये? तुम्ही येताय ते?"

"मुराळी काय इचारून जातो? दारात जाऊन उभं राह्यचं. पोरगी आवाज ऐकून आतून पळत येते. अशीच पद्धत हाये." पण हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात देवपूरहून फोन आला. मालक सांगत होते की परतीच्या दुसऱ्या तिकिटावर नाव आणि पासपोर्ट नंबर आजच हवाय. उद्यावर गेलं तर आखाजीआधीच्या जागा मिळायच्या नाहीत, आणि माकडाच्या नावाने तिकीट निघत नाही. आबांनी "देतो" म्हटलं आणि फोन मांडीवर ठेवला.

म्हणजे आता विचारावंच लागणार होतं. विचारलं नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर ती येणार कशी. आणि विचारलं, आणि ती नाही म्हणाली, तर मग आबांना जायलाही जागा उरत नव्हती. न विचारता निघाले असते तर निदान दारापर्यंत तरी पोचले असते.

संध्याकाळचे सात वाजत होते. "तिकडं सकाळ झाली असंल," आबा म्हणाले. "साडेसात. ती आठला कामावर जाते." हे त्यांना कसं माहीत, ते मी विचारलं नाही. नंबर मोबाइलमध्ये साठवलेला नव्हता. त्यांनी एकेक आकडा न अडखळता दाबला, स्पीकर लावला आणि रिंग सुरू होताच फोन माझ्या हातात कोंबला.

"तू बोल."

"मी? आबा, मी काय बोलू?"

"इंग्रजीत बोल. लॉजवरून बोलतेय म्हण. प्राण्यांची टूर हाये, पासपोर्टचा नंबर पाह्यजे म्हण. अन् ठेवून दे."

मला मेडिकलवाल्याशीसुद्धा फोनवर बोलायचं असेल तर मी आधी कागदावर लिहून घेते. मी फोन परत त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एखाद्या लहान मुलासारखे.

पलीकडे रिंग थांबली. मागे कुठलेतरी पक्षी फार मोठ्याने ओरडत होते. एका बाईचा आवाज त्या देशाच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मग तिने स्क्रीनवरचा नंबर बघितला असावा. आवाज एकदम बदलला.

"हॅलो? कोण बोलतंय? काय झालं? आबाले काय झालं? बरे हायेत ना?"

आबा माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. हाताने ते मला खुणा करत होते. पासपोर्ट, पासपोर्ट.

"हॅलो? अहो, बोला ना कोणीतरी!"

इंग्रजीतलं पहिलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. गुड मॉर्निंग मॅम, आय ॲम कॉलिंग फ्रॉम. मी ते गिळलं.

"ताई, आबा ठणठणीत आहेत, इथे माझ्या शेजारीच बसलेत," मी म्हणाले. "ते तुम्हाला आखाजीला न्यायला येतायत, आणि तुम्ही नाही म्हणाल म्हणून महिनाभर माझ्याकडून प्राण्यांची यादी करून घेतायत."