नऊ इयत्तांचा जोगी

"यंदा शेषरावाचा पैलवान मी जिता सोडत नाई! लिहून ठेवा!"

देऊळगाव राजाच्या भर रस्त्यात, अब्दुल गनीच्या शिलाई दुकानासमोर निवृत्तीनं ही डरकाळी फोडली. माणूस जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलणारा. त्याला स्वतःलाच काट्यावर बसवलं, तर काटा विचारील, अजून काही ठेवायचं आहे का? पण छाती अशी काढली होती की सदऱ्याचं बटण तुटून गनीभाईच्या चहात पडलं.

महाराष्ट्र होऊन सातआठ वर्षं झाली होती. देश पुढं चालला होता म्हणे. आमचा निवृत्ती मात्र पाच वर्षं एकाच जागी हरत होता.

हरत होता तो पटावर. गनीभाईनं उरलेल्या मांजरपाटाचा एक भला मोठा पट शिवला होता. त्यावर जंगल, नदी, अजगराचं भुयार, आणि टोकाला राक्षसाचा सात दरवाजांचा गड. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. गनीभाई गोष्ट सांगणार, "तुम्ही भुयारात शिरले, समोर अजगर, बोला काय करता?" खेळणारा बोलणार, सहा कवड्या फेकणार, आणि जगला का मेला ते कवड्या ठरवणार. राक्षसाला आधी लोळवेल तो जिंकला.

शेषराव म्हणजे निवृत्तीचा मेहुणा, धामणगाव बढ्याचा. दर साली अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या रविवारी दोघांची बाजी लागे. शेषराव जिंकला तर बहिणीला, विमलबाईला, महिनाभर माहेरी नेणार. निवृत्ती जिंकला तर ती घरी राहणार. पाच साल शेषराव जिंकला. पाच साल निवृत्तीनं महिनाभर स्वतःच्या हातच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीनं खिळा ठोकता आला असता! त्यापेक्षा वाईट म्हणजे घरात शब्द नाही. संध्याकाळी तो रिकाम्या चुलीला विचारायचा, "आज काय केलं?"

आता तुम्ही विचाराल, हे ठरवताना विमलबाईला कोणी विचारलं? हुं! उलटी पडू का सुलटी, हे कवडीला कधी कोणी विचारतं का?

तर यंदा निवृत्तीनं डोकं लढवलं. नियम असा, की प्रत्येकाला आपल्या सोंगाची विद्या वाढवायला नऊ इयत्ता मिळतात. शेषराव नऊच्या नऊ पैलवानात घालायचा. निवृत्ती जिनातल्या जुन्या वहीच्या मागं दोन महिने हिशेब मांडत बसला. नुसता मांत्रिक घ्यावा तर तो आग फेकतो, पण एका गुद्द्यात मरतो. नुसता वैद घ्यावा तर जखमा भरतो, पण माशीसुद्धा मारत नाही. नुसता जोगी घ्यावा तर तो अदृश्य होतो, आणि अदृश्य होऊन करतो काय? काही नाही!

"पण गनीभाई, एकाच माणसानं तिन्ही विद्या घेतल्या तं? मांत्रिक चार इयत्ता, वैद दोन, जोगी तीन!"

गनीभाईनं कात्री खाली ठेवली. "जोगी दोनच घ्या ना."

"दोन इयत्तांत पाय दिसत राह्यतात. मी मोजलं हाय!"

"निवृत्तीभाई, नियमात बसतं. पण पथ्य? विद्या जेवढ्या, पथ्य तेवढे. आठ दिवस घरी पाळायचे. एक मोडला की विद्या फुसकी. आणि आमच्या नूरजहांपासून काही लपत नाही, याद ठेवा."

हे खरं होतं. गनीभाईची बायको नूरजहां निवृत्तीच्या शेजारी राहायची. कोणत्या घरात फोडणी करपली, हे तिला त्या घरच्या बाईआधी कळायचं.

शेषरावाच्या पैलवानाचं पथ्य काय? सकाळी पेलाभर दूध! आणि निवृत्तीचं? मांत्रिकानं वांगं खायचं नाही, आणि पाठीमागून हाक आली तर वळायचं नाही. वैदानं औषध मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. जोग्यानं पाच घरी भिक्षा मागून जेवायचं, आणि जेवढ्या इयत्ता तेवढे शेवटचे दिवस मौन. खुणासुद्धा करायच्या नाहीत, लिहायचंही नाही.

आणि हे सगळं विमलबाईला न सांगता! कारण मागच्या साली हरल्यावर यानं बालाजीची शपथ घेतली होती, पुन्हा पटाला हात लावणार नाही म्हणून.

पहिल्या दिवशी तिनं नेमकी भरली वांगी केली. निवृत्तीचा जीव वांग्यात. त्यानं ताट सरकवलं.

"काऊन हो? तिखट झालं?"

"नाई."

"मंग?"

"वांगं सोडलं म्या."

विमलबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

त्याच दुपारी हा झोळी घेऊन कौशल्याबाईच्या दारात. "भिक्षा वाढ माय!"

कौशल्याबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं बाई! निवृत्ती! विमलनं जेवायले घातलं नाई का तुले?"

अशी पाच घरं झाली. संध्याकाळपर्यंत पाचाची पन्नास झाली. विमलबाई नळावर गेली तर बायका बाजूला सरकल्या. एकीनं तिच्या हातावर मूठभर तुरीची डाळ ठेवली आणि म्हणाली, "लाजू नको हो बाई, दिवस येतात जातात!" विमलबाई रिकामी घागर घेऊन घरी आली.

तिसऱ्या दिवशी जिनातल्या पुंजाजीनं पोट धरून सहज विचारलं, "निवृत्ती, काही औषध हाय का बे?" नाही म्हणायची सोय नव्हती. ओवा आणि काळं मीठ दिलं. पुंजाजीला गुण आला! इथंच सत्यानाश झाला. चौथ्या दिवशी दारात रांग! कोणाचा खोकला, कोणाची दाढ. गोजरबाई तर म्हैस घेऊन आली. वांगं सोडलं, भिक्षा मागतो, औषध देतो, पैसे घेत नाही... देऊळगावच्या लोकांनी बेरीज केली: निवृत्तीबाबा संसार सोडून चालले, हिवऱ्याच्या आश्रमाकडे! त्याच दिवशी कोणीतरी त्याच्या पायाही पडलं. आणि हा शहाणा काय करत होता? मनातल्या मनात राक्षसाचे दरवाजे मोजत होता.

शुक्रवारी मौन लागलं. त्याच सकाळी विमलबाई त्याच्यासमोर येऊन बसली.

"लोक म्हणून राह्यले तुम्ही घर सोडता. खरं हाय का?"

निवृत्तीनं झोळीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"रविवारी दादा न्यायले येते. खरं सांगू? यंदा मले जायचंच नाई. दर साली तुमचं ते काळं पडलेलं तोंड पाहून जीव तुटते माहा. तुम्ही एक डाव 'राह्य' म्हणा, मी दादाले दारातूनच परत पाठवतो."

ऐकलंत? जी बाजी जिंकायला हा पाच दिवस गावभर भीक मागत होता, ती बाजी त्याच्या पुढ्यात येऊन बसली होती! एक शब्द! राह्य! दीड अक्षराचं काम!

निवृत्तीच्या घशात तो शब्द आला, दातांपर्यंत आला. पण शेजारच्या खिडकीत नूरजहांची ओढणी हलली. आता बोललो तर जोग्याच्या तीन इयत्ता गेल्या. दोनच दिवस तर राहिले. रविवारी जिंकतो, मग छाती काढून सांगतो! शब्द गिळून तो भिंतीकडं बघत बसला. विमलबाईनं पदरानं डोळे पुसले आणि उठली.

असल्या माणसाला काय म्हणावं? मी म्हणतो ते छापता येणार नाही.

रविवारी शेषराव आला. निवृत्ती वही काखेत मारून पटाकडं निघाला. मागून हाक आली, "अहो!" तो चालत राहिला. "अहो, एवढं तं सांगून जा!" मांत्रिकाच्या चार इयत्ता! तो चालत राहिला. तिसरी हाक फारच हळू आली. किंवा आली नसेल.

शेषराव दुकानात अर्धा तास उशिरा पोचला, घाम पुसत. निमूट बसला. निवृत्तीनं मौनाआधीच सगळ्या चाली वहीत लिहून ठेवल्या होत्या, त्या गनीभाई वाचत गेला. आणि मग निवृत्ती असा खेळला की गनीभाईच्या दुकानासमोर वाहतूक अडली! जोगी अदृश्य झाला, सहा दरवाजे पहारेकऱ्यांच्या नाकाखालून पार. सातव्यात राक्षस. आग! राक्षसाचा गुद्दा! वैदानं जखम भरली. पुन्हा आग! कवड्या सहाच्या सहा सुलट्या! राक्षस आडवा! शेषरावाचा पैलवान तेव्हा दुसऱ्या दरवाजाला धडका मारत होता.

मौन सुटलं. "जिंकलो!" निवृत्तीचा आवाज तीन दिवसांनी बाहेर आला तो गंजलेल्या बिजागरीसारखा. "शेषरावजी, यंदा विमल घरी राह्यते!"

शेषराव टोपी झटकत उठला. त्याच्या तोंडावर ना राग ना हसू. "शब्द म्हणजे शब्द, जावईबापू. मी काही तिले नेत नाई."

निवृत्ती घरापर्यंत पळत गेला. दाराला कुलूप.

किल्ली नूरजहांनं दिली. "गई वो माहेर. एकच्या बुलढाणा गाडीनं. भाऊ ने बोला, अखाजीपर्यंत थांब. तिनंच ऐकलं नाही. त्याला म्हणली, चल, गाडीत बसवून दे." मग म्हणाली, "निरोप ठेवलाय. बाबाजीला म्हणावं, आता मनाला येईल तितकं बोला."

घरात सगळं आवरलेलं. चुलीपाशी ताट झाकून ठेवलेलं. उघडलं, तर भरली वांगी.

पथ्य सुटलं होतं. निवृत्ती उंबऱ्याकडं पाठ करून बसला आणि एक वांगं तोंडात घातलं. गिळेना. बाजी जिंकली होती, वही काखेत होती, आणि घरात शब्द नव्हता. एक महिना. पुढचा कोणी सांगावा?

तेवढ्यात मागून हाक आली, "अहो!"

निवृत्ती असा गर्रकन वळला की मानेची शीर भरली. ताट उडालं, वांगी घरभर!

दारात गोजरबाई उभी होती. मागं म्हैस.

"अहो बाबा, हिचं पोट पुन्हा फुगलं ना."