गुणाचा वारा

आमचा शेजारी कवडूभाऊ जंगल झाडायचा. अंगण झाडणारे पुष्कळ पाहिले, जंगल झाडणारा हा एकच. खांद्यावर तुराट्यांचा खराटा टाकून तो निघाला की बायका विचारायच्या, "काऊन गा कवडूभाऊ, जंगलाले पाहुणे येऊन राह्यले का?"

ती त्याची नोकरी होती. उन्हाळ्यात आग पसरू नये म्हणून जंगलात पाला काढून रुंद पट्टी मोकळी ठेवतात. ती राखायला जंगल खात्याने त्याला रोजाने ठेवलं होतं. हा ती अशी झाडायचा की वर पंगत बसावी. बायको गेल्यापासून स्वतःच्या अंगणाला मात्र खराटा लागला नव्हता. तिथे कोंबडी हरवली तर सापडत नसे.

आमच्याकडे मोहफुलं वेचायची तर झाडाखालचा पाला आदल्या संध्याकाळी जाळतात. फुलं स्वच्छ मिळतात, कधीकधी डोंगरही जातो. म्हणून त्या दिवसांत हा हिरवी फांदी घेऊन बायकांच्या मागे मागे. आग झाडाबाहेर सरकली की झोडपायचा आणि वरून शिव्या खायचा.

कानावर एक विडी कायम असे, न पेटवलेली. मी एकदा विचारलं, "ओढत काऊन नाई?"

"जंगलात विडी नाई पेटवाव."

"आता त घरी आहेस."

"घर कुठी आहे, बाई? जंगलातच ना?"

एका लग्नात वारा सुटला तर ह्याने मांडवाजवळच्या चुलीवर दोन बादल्या पाणी ओतलं. भात कच्चा राहिला. वऱ्हाडी अंगावर आले, तर हा म्हणतो, "झालं काई? मांडव जळला का? नाई ना? मंग." त्या 'मंग'वर त्याचं बोलणं संपत असे. नवरदेवाचा मामा म्हणाला, "जळला असता त भात तरी शिजला असता."

माझं मोहाचं झाड त्या पट्टीला लागून होतं. धनी गेल्यावर मी एकटीच वेचायची. माझ्या झाडाखाली पाला कधी नसेच. पहाटे जावं तर जमीन सारवल्यासारखी. मी गावभर सांगायची, माझं झाड उतारावर आहे, वाराच पाला उडवून नेतो. कवडूभाऊ ऐकून मान हलवायचा. "वारा मोठा गुनाचा आहे, बाई."

मग एका वर्षी जीपमधून साहेब आले. इथे आग लागतच नाही तर माणूस कशाला ठेवला, म्हणाले. कवडूभाऊ म्हणाला, "साहेब, मानूस आहे म्हणून त लागली नाई." साहेब हसले. शिकलेल्या माणसाला समजलं नाही की तो हसतो. नोकरी गेली.

चहाच्या टपरीवर लोकांनी अक्कल दिली, "एक काडी लावून दे गा. उद्या साहेब सोता घ्यायले येते तुले." कवडूभाऊने हातातला चहा टपरीच्या चुलीवर ओतला, घरी गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. खराटा दाराशी उभा राहिला.

फागुन सरता सरता मोह टपकू लागला. मी टोपली घेऊन गेले, तर झाडाखाली घोट्यापर्यंत पाला. फुलं शोधता शोधता ऊन डोक्यावर आलं आणि टोपली अर्धीही भरली नाही. माझी वर्षाची मीठ-मिरची त्या फुलांवर. संध्याकाळी काडीपेटी घेऊन पुन्हा गेले. उभं राहून झोडपायला या वेळी कोणी नव्हतं. काडी ओढणार, तर वारा अंगाला लागला. चांगला सुटलेला होता, पदर उडत होता. पाला मात्र जागचा हलत नव्हता.

मी काडीपेटी कमरेला खोचली, झुडपाची फांदी मोडली आणि झाडायला लागले. वाटेने ताराबाई चालली होती. तिने विचारलंच, "जंगलाले पाहुणे येऊन राह्यले का, बाई?"

"येऊन राह्यले. तू बी झाड."

तिथून तशीच कवडूभाऊच्या दारात गेले. म्हटलं, "यंदा माझ्या झाडाखाली वारा नाई आला."

तो झटक्यात उठून बसला. "काडी लावली?"

"नाई."

"झालं काई?"

"काईच नाई झालं."

"मंग," तो म्हणाला. पण बोलणं तिथे संपलं नाही. "झाडलं कायनं?"

"फांदीनं."

"फांदीनं पाला निस्ता पसरते, बाई. तुराट्या पाह्यजे."

मी म्हटलं, "मले नको शिकवू," आणि घरी आले. येताना त्याच्या दाराशी पाहिलं, खराटा तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेले, तेव्हा झाडाखाली वारा येऊन गेला होता. मातीत खराट्याच्या रेघा होत्या आणि रेघांवर फुलं पडली होती. मी वेचली. गावात कोणी विचारलं तर मी अजून वाराच सांगते.