लुकलुक भरती

अंगणवाडीतल्या तपासणीतून नातवाला अधिकृतपणे तीन गोष्टी मिळणार होत्या: खडूंची पेटी, बिस्किटांचा पुडा आणि स्वतःच्या मेंदूच्या लहरींचा छापील कागद. फौजेतून निवृत्त झालेल्या गुंडा सुभेदारांनी त्यात चौथी धरली. अठ्ठावीस वर्षं पोरसवदा साहेबांना सलाम ठोकून त्यांचा उजवा हात आता घरातच एक साहेब मागत होता. चार वर्षांच्या शिवतेजच्या लहरी चांगल्या निघाल्या, तर पाचगणीची शाळा आणि पुढं खांद्यावर तारे. पदरचं तर काही जात नव्हतं.

तपासणी साधी होती. पुण्याहून आलेल्या डॉक्टर नीलिमा मुलाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवणार, समोरच्या पडद्यावर काळे-पांढरे चौकोन एका ठेक्यात लुकलुकणार. त्या ठेक्याला मेंदू कशी साथ देतो आणि वयाबरोबर ती साथ कशी बदलते, एवढंच टिपायचं होतं.

"यात पास-नापास नसतं हो आजोबा," त्या म्हणाल्या. "मूल रडलं, उठून गेलं, तरी चालेल. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तेव्हा घेऊन या."

सुभेदार गालात हसले. "भरतीच्या मैदानावरबी असंच सांगत्यात. आन् मग छाती मोजत्यात."

पलूसच्या रस्त्याला भरती अकॅडमी चालवणाऱ्या इंद्रजितला हे लगेच पटलं. पोलीस भरतीची पोरं सकाळी धावून गेली की साडेसातला बालगट बसू लागला. मंडपवाल्याकडून लुकलुकत्या माळा आल्या, शिंप्याकडून टोप्या. टोपीखालच्या गार, चिकट मलमाची सवय व्हावी म्हणून डोक्याला दही. शिवतेजच्या छातीवर सतरा नंबर. पापणी हलली की मैदानाला एक फेरी.

"आवं, पोरगं जेवताना ट्यूबलाइटकडं बघून सावधान हुतंय," चंद्राबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"सवय लागतीया."

"तुमाला लागली ती अजून सुटली न्हाई."

आजूबाजूची गावं मागं कशी राहतील? त्यांनीही मुलं बालगटात घातली. तालुक्याच्या कार्यालयाने परिपत्रक काढलं: संशोधनात शंभर टक्के बालकांच्या लहरी समाधानकारक येतील याची दक्षता घ्यावी, असमाधानकारक लहर आढळल्यास संबंधित सेविकेने लेखी खुलासा सादर करावा.

तपासणीला एकशे चाळीस मुलं पडद्यासमोर बसली. एकही रडलं नाही, कुणी तार ओढली नाही, कुणाला शू लागली नाही. डॉक्टर नीलिमांनी यंत्र दोनदा तपासलं आणि वरिष्ठांना फोन लावला.

"सर, ही मुलं शिकवून आणलीत. हे आकडे टाकून द्यावे लागतील."

"वाईट आलेत का?"

"नाही. फारच चांगले आलेत."

"मग टाकायचे कशाला? वाईट असते तर विचार केला असता."

आकडे राहिले. त्यांची सरासरी काढून 'सामान्य बालकाचा तक्ता' तयार झाला, आणि शिवतेजचा कागद घरी आला. सुभेदारांनी चष्मा पुसून वाचला. लहर: सामान्य.

ते तडक अंगणवाडीत गेले. "सामान्य? मॅडम, ह्येनं महिनाभर पापणी हलवली न्हाई."

"कुणाचीच हलली नाही, आजोबा. म्हणून तेच सामान्य ठरलं."

"मग आमचा साहेब?"

"तो या कागदात कधीच नव्हता."

सुभेदार पायरीवर बसले. शेजारी शिवतेज सावधान. समोरून एक कोंबडी पिलांची रांग घेऊन गेली.

"बघ की रं, कोंबडी," आजोबा हळूच म्हणाले.

"किती मिंटं?" शिवतेजने विचारलं.

हिशेब लागला तो असा: सुभेदारांचा साहेब गेला, शिवतेजची कोंबडी गेली, आणि इंद्रजितच्या एका बॅचच्या चार झाल्या. उरलेला खर्च, जी मुलं उठतात, रडतात, तारा ओढतात, त्यांच्या नावे पडला. कारण तक्ता आता तुमच्या गावालाही लागू आहे, आणि एका जागी न बसणारं तुमचं लेकरू त्यात लाल रेघेखाली येतं. तुम्ही इथवर हसत वाचलंत. इंद्रजितला कालपासून जे फोन येताहेत, त्यातला एक तुमच्या घरून आहे.