फक्कीची चारी

कलेच्या क्षेत्रात महाराष्ट्रात जे काही करायचं राहून गेलं होतं, ते सगळं मी शहाण्णव सालच्या जानेवारीत वरकुट्यात करणार होतो. तसं मी घरी सांगूनही टाकलं होतं!

मी सोमनाथ. पुण्यात चित्रकला शिकून नुकताच गावी परतलेला. चित्रं काढणं मात्र मी सोडलं होतं. चित्र काय, ट्रकमागचा पेंटरसुद्धा काढतो! मी मल्टिमीडिया कलावंत झालो होतो.

"म्हंजी काय रं?" आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी विचारलं.

"एकाच कामात अनेक माध्यमं, आबा."

"मराठी का इंग्लिश?" सारजाआत्यानं चुलीपासून विचारलं. "इंग्लिश माध्यमाचीच काढ. बारामतीला लई चालत्यात."

पोरगं शाळा काढतंय असं वाटून आबा जेवण होईपर्यंत खूश होते. ते बघून मला वाईट वाटलं, म्हणून मी खरं सांगितलं. मग त्यांना वाईट वाटलं.

शेवटी तह झाला. पुण्यातल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी कलावंत निवडणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम शनिवारी माझं काम बघायला येणार होत्या.

"त्या बाईनं पसंत केलं, तर तुझं तू बघ," आबा म्हणाले. "न्हाय केलं, तर कारखान्यात स्लिपबॉय. मी बोलून ठिवलंय."

स्लिपबॉय म्हणजे सायकलवरून रानोरान हिंडायचं, उसाच्या नोंदी घ्यायच्या आणि तोडीच्या चिठ्ठ्या वाटायच्या. ज्या हातांनी आधुनिकतेला आव्हान द्यायचं, त्या हातांनी चिठ्ठ्या! माझ्या अंगावर काटा आला.

कामाचं नाव होतं 'मुळं'. जागा होती आमचं पडीक रान. ते पडीक होतं, कारण कालव्याचं पाणी आणणारा पाट, म्हणजे चारी, शेजारच्या मानसिंगरावांच्या रानाशी संपायची. पाणी तिथवर यायचं, मानसिंगरावांचा ऊस बघायचं आणि तिथंच राहायचं. त्या चारीच्या तोंडाकडं बघत आबांची अर्धी हयात गेली होती.

आमच्या रानाच्या मधोमध मी फक्कीनं, म्हणजे कबड्डीचं मैदान आखतात त्या पांढऱ्या पावडरीनं, झाडाचा भला मोठा बुंधा काढला. बुंध्यापासून मुळं निघाली. बांध ओलांडून दुसऱ्यांच्या रानात गेली. मुळांच्या कडेनं मी लाल झेंड्या रोवल्या, रक्ताच्या नात्याचं प्रतीक म्हणून. बुंध्यात एक रांजण पुरला आणि त्यात टेपरेकॉर्डर ठेवला. कॅसेटमध्ये सारजाआत्याचा आवाज होता. "या रानाबद्दल मनात येईल ते बोल," असं सांगून मी टेप तिच्यापुढं ठेवला आणि बाहेर गेलो. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. कलावंतानं आपलं काम आधी ऐकलं की त्यातली उत्स्फूर्तता जाते, असं माझं मत होतं. शिवाय सेल उतरले असते.

आता इंदापूर तालुक्यात पांढरी लाईन आणि लाल झेंडी यांचा अर्थ एकच होतो, सरकारी आखणी. हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं!

मानसिंगरावांनी बांधावर राजदूत थांबवली.

"काय चाललंय रं, शिरप्याच्या पोरा?"

"मुळं आणतोय."

"कुठनं?"

"लांबून. सगळा प्रवाह या रानापर्यंत आणायचाय." पुण्यात असंच बोलायला शिकवतात.

"प्रवाह?" मानसिंगरावांनी गाडी बंद केली. पेट्रोल महाग नव्हतं, तरी केली. "आन् हे कोण ठरवनार?"

"पुण्याच्या मॅडम. शनिवारी बघायला येतायत. त्यांनी पसंत केलं की पक्कं."

मानसिंगराव गाडीवरून उतरले. लाईनीवरून चालत गेले, चालत आले आणि निघून गेले. अडाणी माणसालासुद्धा कला अंतर्मुख करते, हे बघून मला भरून आलं.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले! आमची घरं गावाच्या एका टोकाला. तिथनं जाताना मानसिंगराव गाडी कधी थांबवायचे नाहीत, लांबूनच "ए शिरप्या!" म्हणून हाक मारायचे. त्या दिवशी उंबऱ्याशी चपला काढून म्हणाले, "जयभीम, श्रीपतराव!"

आबांनी मागं वळून बघितलं, कोण पाव्हणा आलाय म्हणून!

मानसिंगराव आमच्या बाजेवर बसले. आमच्याच कपात चहा प्याले. वर आणखी अर्धा कप मागितला. सारजाआत्या चुलीपासून त्यांच्याकडं बघत होती, चहात काय पडलं ते आठवत असल्यासारखी.

"सोमनाथराव," ते मला म्हणाले. मी रावसुद्धा झालो होतो! "ती लाईन तेवढी आमच्या मळ्यातनं घ्या की. चारीच्या तोंडापास्नं सरळ बसती बघा."

"घेऊ की!" मी म्हणालो. यालाच लोकसहभाग म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या मळ्याचे मालक अंडी घेऊन आले. त्यांनाही मूळ पाहिजे होतं. त्यांनाही काढून दिलं. मुळाला कुणाचंच रान वर्ज्य नसतं!

शुक्रवारी मानसिंगरावांनी ट्रॅक्टर आणि माणसं आणली आणि थेट माझ्या फक्कीवरून चर खोदायला घेतला.

"मानसिंगराव! हे काय?"

"आवो, मॅडमला काम चालू दिसाय पायजे. एकदा चर पडला की चारी कुनाच्या बापाला हलवता येत न्हाय!"

चारी! माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. मी धावत आबांकडं गेलो.

"आबा, त्यांना वाटतंय सरकारी चारी येतीय! सांगून टाकू का?"

आबांनी बांधावरून बघितलं. चर मानसिंगरावांच्या मळ्यातून निघून आमच्या रानाकडं सरकत होता.

"सोम्या, तूच म्हनला व्हतास न्हवं, कलावंतानं अर्थ सांगू न्हाय म्हनून?"

"म्हणालो होतो."

"मग गप बस."

शनिवारी मॅडम आल्या. मानसिंगराव फेटा बांधून, नारळ घेऊन हजर. त्यांनी चारीच्या तोंडाची फळी उचलली. पाणी चरातून सळसळत आलं, बांध ओलांडून आमच्या रानात शिरलं आणि बुंध्याशी पसरलं.  आबा चपला काढून पाण्यात उभे राहिले.

"मुळांना पाणी!" मॅडमचे डोळे भरून आले.

हीच वेळ! मी रांजणाजवळ जाऊन टेपचं बटण दाबलं.

"मानसिंग्या, मुडद्या!" जमिनीतून सारजाआत्या गरजली. "तुज्या बापानं आमच्या पान्याची पाळी मोडली, आन् आता तू आमचं पानी पितोस व्हय रं? तुरा यील तुज्या उसाला, तुरा!"

मग पाणी रांजणात शिरलं. आत्या गुडगुड करून बंद झाली.

सगळे गार! उसाला तुरा म्हणजे साखर गेलीच.

"जमीन बोलतेय!" मॅडम कुजबुजल्या. मग मानसिंगरावांकडं वळून म्हणाल्या, "यात सत्य किती?"

मानसिंगरावांनी हात जोडले. "समदं खरं हाय, मॅडम. तेवढं रिपोर्टात घिऊ नगा."

"विलक्षण! ही मूळ कल्पना कुणाची?"

मी घसा खाकरला. कलावंतानं बोलण्याआधी घसा खाकरावा. पण तेवढ्यात मानसिंगराव पुढं झाले.

"माजीच की! ट्रॅक्टर माजा, डिझेल माजं, रान बी माजंच पडलं यात."

"तुमची निवड झाली! एकच अट. या प्रवाहाला हात लावायचा नाही. बंद झाला, तर निवड रद्द."

"कोन हात लावतोय बघतो!" मानसिंगराव म्हणाले.

मी मॅडमना गाडीपाशी गाठलं. "मॅडम, कलावंत मी आहे."

"हो? तुम्ही यात काय केलंत?"

"फक्की मारली."

"छान," त्या म्हणाल्या. "मदतनीस म्हणून नाव घालू."

मानसिंगराव फेटा बांधून पुण्याला प्रदर्शनाला जाऊन आले. तिथं म्हणे दिसेल त्याला ते एकच विचारत होते, "मंजुरी कधी?" हा प्रश्न तिथल्या लोकांना फार खोल वाटला. त्यांना शाल मिळाली.

मंजुरीची वाट ते अजून बघतायत. म्हणून फळी उचललेलीच आहे आणि आबा अजून श्रीपतरावच आहेत.

आबांनी त्याच महिन्यात बुंध्यावर उसाची लागण केली. पुढच्या हंगामात त्या उसाची तोड आली, तेव्हा चिठ्ठी द्यायला मीच गेलो. सायकलवरून.

माझी मुळं गाळपाला गेली. साखरेचा उतारा म्हणे चांगला पडला!